नोंद आणि साक्ष : क्लिफ हार्डी मालिकेविषयी काही विचार

लोकप्रिय साहित्यावरील एका परिसंवादात मी ऑस्ट्रेलियन लेखक पीटर कॉरिस यांच्या क्लिफ हार्डी मालिकेचा ओझरता उल्लेख केला, तेव्हा एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी विचारले की, एकाच खासगी गुप्तहेरावर बेचाळीस पुस्तके लिहिणाऱ्या लेखकाची चर्चा विद्यापीठीय व्यासपीठावर कशासाठी करावयाची? प्रश्नात तुच्छता नव्हती, कुतूहलच होते. मात्र त्यात दोन गृहीतके दडलेली होती. संख्या आणि गुणवत्ता यांचे प्रमाण व्यस्त असते, हे पहिले. आणि समीक्षेने ज्याचे मूल्यमापन करावयाचे ते एकक म्हणजे सुटे पुस्तक, हे दुसरे. पहिल्याचे खंडन सोपे असते आणि त्याने फारसे साधतही नाही. दुसऱ्याकडे मात्र आपण क्वचितच लक्ष देतो. त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर समजावे.

पीटर कॉरिस (१९४२-२०१८) हे मूळचे इतिहासकार. व्हिक्टोरिया राज्यातील स्टॉवेल या गावी त्यांचा जन्म झाला, शिक्षण मेलबर्न येथे झाले. पश्चिम व्हिक्टोरियातील आदिवासी आणि युरोपीय वसाहतवाले यांच्या संबंधांवरील त्यांचा अभ्यास १९६८ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत त्यांनी सॉलोमन बेटांवरील मजुरांच्या स्थलांतराचा इतिहास हा विषय घेऊन डॉक्टरेट मिळविली, आणि हे संशोधन १९७३ साली 'पॅसेज, पोर्ट अँड प्लँटेशन' या नावाने ग्रंथरूपात आले. क्वीन्सलँडच्या उसाच्या मळ्यांवर आणि फिजीत ही माणसे करारावर नेली जात. (याच फिजीत १८७९ पासून भारतातून गिरमिटिया मजूर जाऊ लागले, त्यामुळे हा इतिहास आपल्याला वाटतो तितका परका नाही.) बेटवासीयांना निव्वळ पळवून नेलेले बळी मानण्याची प्रथा कॉरिस यांनी नाकारली. आरंभीच्या काळात फसवणूक होती, अपहरणेही झाली. परंतु पुढे कित्येक जण आपापला हिशेब मांडून जहाजावर चढले, मुदत संपल्यावर परतले आणि काही पुन्हा गेले, असे त्यांनी दाखविले.

या ग्रंथाच्या प्रतिपादनापेक्षा त्याच्या साधनांचा प्रश्न मला येथे अधिक महत्त्वाचा वाटतो. मजूर-व्यापाराचे कागद कोणाचे होते? मळेवाल्यांचे, जहाजांच्या कप्तानांचे, सरकारी प्रतिनिधींचे, मिशनऱ्यांचे. ज्यांच्याविषयी लिहावयाचे त्यांचा स्वतःचा कागद जवळजवळ नाहीच. अशा वेळी इतिहासकाराला शत्रुपक्षाच्या दप्तरातून आपल्या माणसाचा माग काढावा लागतो, आणि जे जिवंत आहेत त्यांच्याकडे जाऊन बसावे लागते. कॉरिस यांनी बेटांवर जाऊन वृद्धांच्या आठवणीही ऐकल्या. जे नोंदले गेले ते कोणी नोंदले, कोणाच्या सोयीने नोंदले, आणि जे नोंदलेच गेले नाही ते कोणाच्या तोंडून ऐकावयाचे, हा प्रश्न त्यांनी वयाच्या पंचविशीत हाताळला, आणि माझ्या मते तो त्यांना पुढे कधीच सोडून गेला नाही.

१९७०च्या दशकाच्या मध्यास त्यांनी अध्यापन सोडून पत्रकारिता पत्करली. 'द नॅशनल टाइम्स' या साप्ताहिकाचे ते काही काळ साहित्य-संपादक होते. १९८० साली 'द डाइंग ट्रेड' ही हार्डी मालिकेतील पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. ज्याने मजूर-व्यापाराचा इतिहास लिहिला त्याच्या पहिल्या कादंबरीच्या नावातही 'व्यापार' हाच शब्द यावा, हा निव्वळ योगायोग असेल. मी त्यावर अधिक भार टाकू इच्छित नाही. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील व्यावसायिक मुष्टियुद्धाचा त्यांनी लिहिलेला इतिहास प्रसिद्ध झाला, आणि लगेच १९८१ साली आलेल्या 'व्हाइट मीट' या दुसऱ्या हार्डी कादंबरीत बेपत्ता मुलीचा माग काढताना नायक आदिवासी मुष्टियोद्ध्यांच्या जगात शिरतो. तेव्हा इतिहासकाराने गंभीर काम सोडून रंजनाचा धंदा धरला, असे जे सहज म्हटले जाते ते वस्तुस्थितीला धरून नाही. एकाच टेबलावर दोन्ही हस्तलिखिते होती.

या कादंबऱ्यांपूर्वीची ऑस्ट्रेलियन रहस्यकथेची स्थिती लक्षात घेतल्याशिवाय कॉरिस यांनी काय केले ते कळत नाही. रहस्यकथा तेथे नवीन नव्हती. फर्गस ह्यूम यांची मेलबर्न शहरात घडणारी 'द मिस्टरी ऑफ अ हॅन्सम कॅब' १८८६ सालची, म्हणजे शेरलॉक होम्सच्याही आधीची. आर्थर अपफील्ड यांचा मिश्र वंशाचा पोलीस अधिकारी नेपोलियन बोनापार्ट १९२९ पासून अंतर्भागातील माळरानांवर तपास करीत होता. पण शहराच्या गल्लीबोळांत रोजंदारीवर काम करणारा, पोलिसांनाही धनिकांनाही नकोसा असलेला खासगी गुप्तहेर हा अमेरिकेचा मानला जाई. हॅमेट, चँडलर आणि रॉस मॅक्डोनाल्ड यांनी तो घडविला होता. गमतीची गोष्ट अशी की, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि नंतरही बरीच वर्षे अमेरिकन स्वस्त मासिकांच्या आयातीवर निर्बंध असल्याने सिडनीत अशा कथांचा मोठा स्थानिक कारखाना उभा राहिला. 'कार्टर ब्राउन' या टोपणनावाने लिहिणारे अ‍ॅलन येट्स हे त्यातील सर्वांत यशस्वी नाव. परंतु सिडनीत बसून लिहिलेल्या या कथा घडत मात्र अमेरिकेत! येट्स यांचा अल व्हीलर कॅलिफोर्नियातील पाइन सिटी नावाच्या काल्पनिक शहरात वावरतो. लेखक ऑस्ट्रेलियात, वाचक ऑस्ट्रेलियात, आणि खून कॅलिफोर्नियात.

आपल्याकडे ऐंशीच्या दशकात देशीयतेची जी चर्चा झाली तिची येथे आठवण व्हावी. मात्र कॉरिस यांच्या बाबतीत देशीयता ही घोषणा म्हणून येत नाही. त्यांनी रूपबंध जसाच्या तसा उचलला: प्रथमपुरुषी निवेदन, दारू, मोडके नाक, मोडलेले लग्न, खोचक संवाद. पहिल्या दोन-तीन पुस्तकांत चँडलरची सावली इतकी गडद आहे की काही उपमा सरळ उसन्या वाटतात. बदलली ती भूमी. हार्डी मारुब्रा या समुद्रकाठच्या उपनगरात वाढलेला, मलायातील आणीबाणीच्या काळात लष्करात राहिलेला, कायद्याचे शिक्षण अर्धवट सोडून विमा कंपनीचा तपासनीस झालेला. त्याचे घर ग्लीबमध्ये, कचेरी डार्लिंगहर्स्टच्या सेंट पीटर्स लेनमध्ये, आणि गाडी ऑस्ट्रेलियात बनलेली फोर्ड फाल्कन. भूमी बदलली की रूपबंधालाही हळूहळू बदलावे लागते. तो कसा बदलला हे एका पुस्तकातून दिसत नाही. पाच-दहा पुस्तके ओलांडल्यावर दिसू लागते.

एक उदाहरण व्यवसायाचेच घेऊ. खासगी तपासनिसांची मुख्य मिळकत पूर्वी घटस्फोटाच्या दाव्यांतून होत असे. जोडीदाराचा व्यभिचार न्यायालयात सिद्ध करावा लागे, आणि त्यासाठी रात्री-अपरात्री हॉटेलांच्या दारांशी कॅमेरे घेऊन उभे राहणारी माणसे लागत. १९७५च्या कुटुंब-कायद्याने दोष सिद्ध करण्याची अट काढून टाकली. १९७६च्या आरंभी हा कायदा अमलात आला आणि एका धंद्याचा कणा मोडला. म्हणजे हार्डी मालिका सुरू होते तेव्हा नायकाचा पेशा कायद्याने अर्धा संपविलेला आहे. पुढे १९९३ साली कॉरिस यांनी 'मॅट्रिमोनियल कॉजेस' लिहिली. जुन्या विवाहविषयक कायद्याचेच नाव तिला आहे, आणि तीत हार्डी आपल्या उमेदवारीच्या काळातील एका घटस्फोट-प्रकरणाकडे मागे वळून पाहतो. ही कादंबरी एकटी वाचणाऱ्याला ती साधी पूर्वकथा वाटेल. मालिका वाचणाऱ्याला तीत एका नष्ट झालेल्या धंद्याची कार्यपद्धती टिपलेली दिसते. इतिहासकार असे काही लिहिता तर त्याला आपण व्यवसायाचा सामाजिक इतिहास म्हटले असते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. हार्डीकडे येणारे अशील वरवर पाहता या प्रकारच्या कथांत नेहमी येणारे आहेत: बेपत्ता मुलगी, हरवलेला वारस, धमक्यांनी घाबरलेली श्रीमंत स्त्री. पण मालिकेतील चांगल्या पुस्तकांत वारंवार एक गोष्ट घडते. एक अधिकृत नोंद झालेली असते, आणि तिच्यावर विश्वास न बसलेला कोणी तरी माणूस पायऱ्या चढून कचेरीत येतो. 'द एम्प्टी बीच' (१९८३) या कादंबरीत बाँडायच्या किनाऱ्यावर एक धनिक बुडून मेला असे सर्वांनी मानलेले आहे. मृतदेह मात्र मिळालेला नाही, आणि तो जिवंत दिसल्याचे कोणी तरी कळविते. त्या एका शंकेपायी हार्डीला बाँडायच्या पर्यटकी चेहऱ्यामागील स्वस्त भाड्याच्या खोल्यांत, मद्यपी आणि बेघर वृद्धांच्या वस्तीत उतरावे लागते. ज्यांची कोणी गणती ठेवीत नाही अशा माणसांत एक गणती चुकलेला माणूस शोधणे, अशी या कादंबरीची रचना आहे. १९८५ साली तिच्यावर चित्रपट निघाला, ब्रायन ब्राउन यांनी हार्डीची भूमिका केली. मात्र पडद्यावर किनारा फार सुंदर दिसतो आणि त्या खोल्या पुरेशा दिसत नाहीत.

हे सूत्र सर्वांत स्वच्छपणे येते ते 'आफ्टरशॉक' (१९९१) मध्ये, आणि मला मालिकेतील हे पुस्तक सर्वांत महत्त्वाचे वाटते. २८ डिसेंबर १९८९ रोजी सकाळी न्यूकॅसल या औद्योगिक शहरात ५.६ तीव्रतेचा भूकंप झाला. तेरा माणसे मेली, त्यांपैकी नऊ एकट्या वर्कर्स क्लबच्या इमारतीत. भूकंपाची फारशी सवय नसलेल्या त्या देशाला मोठा धक्का बसला. कॉरिस यांच्या कादंबरीत एक वृद्ध गृहस्थ हार्डीकडे येतो आणि म्हणतो की, भूकंपबळी म्हणून ज्याची नोंद झाली तो माझा मित्र भूकंपाने मेलेला नाही, त्याचा खून झाला आहे. कल्पना साधी आहे, पण तिचा परिणाम विलक्षण आहे. आपत्तीच्या दिवशी मृत्यूला वेगळे कारण शोधण्याची कोणालाच गरज नसते. ढिगाऱ्याखाली सापडलेला देह आपोआप यादीत जातो, यादीवर शोक होतो, स्मारके उभी राहतात; आणि एकदा शोक झाला की नोंदीला पावित्र्य येते. मग ती तपासणारा माणूस मृतांचा अपमान करणारा ठरतो. हार्डीला न्यूकॅसलमध्ये जो विरोध सोसावा लागतो त्याचा काही भाग गुन्हेगारांकडून येतो हे खरे, परंतु पुष्कळसा सभ्य, दुःखी, सज्जन माणसांकडून येतो. पुढे मेलेल्या माणसाचा भूतकाळ उलगडू लागतो तेव्हा त्याच्याविषयीची सहानुभूतीही शिल्लक राहत नाही. खोटी नोंद तशीच राहिली असती तर पुष्कळांचे बरे झाले असते, असे वाटण्याची पाळी वाचकावर येते. तरीही हार्डी थांबत नाही. येथे मला सॉलोमन बेटांवरच्या त्या तरुण संशोधकाची आठवण होते. सोयीचा समज मोडून त्या जागी गैरसोयीचे सत्य ठेवण्याचा अनुभव त्याला कादंबऱ्यांच्या आधीपासून होता.

१९९९ सालच्या 'दि अदर साइड ऑफ सॉरो' मध्ये ही गोष्ट नायकाच्या स्वतःच्या घरात शिरते. हार्डीची घटस्फोटित पत्नी सिन कर्करोगाने मरणपंथाला लागलेली आहे. ती त्याला सांगते की, विभक्त झाल्यानंतर आपण त्याच्या मुलीला जन्म दिला होता आणि तिला दत्तक दिले. आता तिचा शोध घे. जवळजवळ दोन दशके दुसऱ्यांची माणसे शोधणाऱ्याला स्वतःच्या नावावरील एक नोंद ठाऊकच नव्हती! न्यू साउथ वेल्समध्ये दत्तकाची जुनी कागदपत्रे संबंधितांना मोठ्या प्रमाणावर खुली झाली ती १९९०च्या कायद्याने. देशभर अविवाहित मातांची मुले सक्तीने काढून घेतली गेली त्याबद्दल केंद्र शासनाने क्षमा मागितली ती २०१३ साली. सिनची कथा सक्तीची नाही, तेव्हा कॉरिस यांनी भविष्य वर्तविले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण त्या समाजात दत्तकाच्या बंद पाकिटांत काय काय दडलेले आहे, याची सार्वजनिक कुजबुज त्यांच्या कानी होती, आणि तिच्यासाठी त्यांनी आपल्या मालिकेचा कणा थोडा वाकविला. मेगन ही मुलगी पुढील पुस्तकांत राहते. बेपत्ता मुलगी सापडली की पुस्तक मिटायचे, ही या प्रकाराची सवय. येथे सापडलेल्या मुलीशी पुढची अठरा वर्षे नाते निभवावे लागते.

सिडनी शहराविषयी थोडे बोलले पाहिजे. ग्लीब हे नावच चर्चच्या मालकीच्या जमिनीचे आहे. १९७४ साली केंद्र शासनाने तेथील शेकडो जुनी घरे चर्चकडून विकत घेतली. पण शहराच्या मध्यभागातील कामगारांच्या अशा चाळवजा, एकमेकींना लागून असलेल्या घरांवर बांधकाम-व्यावसायिकांचा डोळा तेव्हाही होता, नंतरही राहिला. घरे पाडण्याविरुद्ध बांधकाम-कामगारांच्या संघटनेने, जॅक मंडी यांच्या नेतृत्वाखाली, १९७१ पासून कामावर बहिष्कार टाकण्याची 'ग्रीन बॅन' चळवळ उभारली होती. किंग्ज क्रॉसजवळील व्हिक्टोरिया स्ट्रीट वाचविण्यासाठी लढणाऱ्या वृत्तपत्र-प्रकाशक हुआनिता नील्सन ४ जुलै १९७५ रोजी बेपत्ता झाल्या. त्यांचा मृतदेह कधीच मिळाला नाही, खुनाबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. हार्डीची कचेरी या जागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. कॉरिस यांनी नील्सन प्रकरण कादंबरीत जसेच्या तसे उतरविले असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, ज्या शहरातील सर्वांत ठळक राजकीय गुन्ह्याचा कागद पूर्ण होऊ शकत नाही, त्या शहराच्या इतिहासकाराला खासगी गुप्तहेराचा मुखवटा घ्यावासा वाटणे स्वाभाविक आहे. पोलीस, राजकारणी, बांधकाम-व्यावसायिक आणि जुगाराचे अड्डे यांचे साटेलोटे मालिकेत पहिल्या पुस्तकापासून गृहीत धरलेले आहे. न्यायमूर्ती वुड यांच्या चौकशी आयोगाने न्यू साउथ वेल्सच्या पोलीस दलातील मुरलेला भ्रष्टाचार अधिकृतपणे नोंदविला तो १९९५ ते १९९७ या काळात.

शहर बदलत जाते तसे मालिकेतील तपशील बदलतात, आणि हे बदल कॉरिस कधी जाहीर करीत नाहीत. हार्डी सिगारेट सोडतो. स्वस्त वाईन पिणाऱ्या शेजाऱ्यांच्या जागी वकील आणि डॉक्टर येतात. कचेरी पुढे डार्लिंगहर्स्टहून न्यूटाउनकडे हलते. ओल आलेले, दुरुस्तीला पैसे नसलेले ग्लीबचे घर तसेच राहते, पण त्याची किंमत वाढत वाढत अशी होते की, नायक आपल्याच घरात चुकून शिल्लक राहिलेल्या भाडेकरूसारखा दिसू लागतो. एका कादंबरीत असा तपशील दोन ओळींचा असतो. बेचाळीस पुस्तकांत तो मिळून एका नागरी वर्गाच्या विस्थापनाचा वृत्तांत होतो. म्हणूनच मालिका हेच येथे एकक धरावे, असा माझा आग्रह आहे.

याला आक्षेप घेता येतील, आणि त्यांतील काही मला मान्य आहेत. पहिला काळाचा. मलायातील आणीबाणी १९६० साली संपली. तेथे लढलेला माणूस २०१७ साली पंचाहत्तरीच्या पुढचा असावयास हवा. हार्डी मात्र अखेरपर्यंत मारामाऱ्या करतो. कॉरिस यांनी त्याचे वय सोयीने थोपवून धरले आहे. २००७ सालच्या 'अपील डिनाइड' मध्ये त्याचा परवाना रद्द झालेला आहे आणि त्याची सहचरी, पत्रकार लिली ट्रस्कॉट, मारली जाते. २००९ सालच्या 'डीप वॉटर' मध्ये त्याला हृदयविकाराचा झटका येऊन शस्त्रक्रिया होते. शरीर खचत जाते आणि वय मात्र अडते, अशी ही विचित्र कालगणना आहे. वास्तववादाच्या कसोटीवर ती टिकत नाही. मला ती तितकीशी खटकत नाही. वाचक त्या नायकाबरोबर म्हातारे होत असतात, आणि परवाना गेलेला, छातीवर टाके पडलेला हार्डी त्यांना पुरेसा खरा वाटतो. ज्या पुस्तकात हे आजारपण येते त्यालाच नेड केली पुरस्कार विभागून मिळावा, यातही काही अर्थ आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला माझ्यापाशी पुरे उत्तर नाही. सदतीस वर्षे एकाच पुरुषाने दिलेली ही साक्ष आहे. पुस्तकागणिक एखादी स्त्री हार्डीच्या आयुष्यात येते, शहाण्यासारखे बोलते आणि निघून जाते किंवा मरते. लिली ट्रस्कॉटसारख्या स्वतंत्र स्त्रीचेही मरण शेवटी त्याच्या सूडाचे निमित्त ठरते. आदिवासी पात्रांविषयी लेखकाची सहानुभूती अभ्यासातून आलेली आहे, तिच्यात भाबडेपणा नाही. तथापि बोलतो हार्डी, आणि ती पात्रे बोलतात ती त्याच्या प्रश्नांना उत्तर म्हणून. ज्या लेखकाने मजुरांच्या बाजूचा कागद नाही म्हणून बेटे पालथी घातली, त्याने प्रथमपुरुषी गुप्तहेराचा रूपबंध निवडून दुसऱ्यांच्या आवाजाची वाट स्वतःच अरुंद करून घेतली. रूपबंधाने त्याला शहरात सर्वत्र शिरण्याची मुभा दिली आणि त्याची किंमतही घेतली. खेरीज मधल्या आणि अखेरच्या टप्प्यांतील काही पुस्तके वाचून बाजूला ठेवली की आठवत नाहीत. बेचाळीसही वाचा, असे मी विद्यार्थ्यांना सांगणार नाही. पहिली चार, 'आफ्टरशॉक', 'मॅट्रिमोनियल कॉजेस', 'दि अदर साइड ऑफ सॉरो' आणि 'अपील डिनाइड' एवढी क्रमाने वाचली तरी मालिकेची चाल कळते.

परिसंवादातील त्या प्रश्नाकडे परत येताना आपल्या घराकडेही पाहावे लागते. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि आपला समीक्षाव्यवहार आजही त्या आकड्यापाशीच थांबतो: कौतुकाने किंवा उपहासाने. सुहास शिरवळकरांच्या मालिकांचीही गत फारशी वेगळी नाही. अर्नाळकर म्हणजे कॉरिस नव्हेत, दोघांची जातकुळी निराळी. झुंजारच्या मुंबईत सामाजिक इतिहास सापडेलच असे मी आधीच गृहीत धरणार नाही. पण शोधल्याशिवाय नाही म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? झुंजारची मोटार, इराण्याचे हॉटेल, गोदी, पोलीस इन्स्पेक्टरशी होणारे संभाषण, हे सारे शेकडो पुस्तिकांतून सलग वाचून कोणी कालक्रमाने मांडले तर काय हाती लागेल? त्यासाठी आधी त्या पुस्तिका हव्यात. विद्यापीठीय ग्रंथालयांनी त्या घेतल्या नाहीत, कारण ते साहित्य नव्हते. आणि आता ते साहित्य आहे की नाही हे ठरविण्यासाठी लागणारा पुरावा रद्दीत गेलेला आहे.

कॉरिस यांना किशोरवयापासून मधुमेह होता. तो पुढे डोळ्यांत उतरला आणि दृष्टी क्षीण होत गेल्यामुळेच त्यांनी कादंबरीलेखन थांबविले. आदिवासी वस्त्यांत नेत्ररोगांवर काम करणारे शल्यचिकित्सक फ्रेड हॉलोज यांचे आत्मचरित्र १९९१ साली त्यांच्याबरोबर लिहिले ते याच कॉरिस यांनी. ऑस्ट्रेलियात फाल्कन मोटारीचे उत्पादन ऑक्टोबर २०१६ मध्ये बंद झाले, आणि तीनच महिन्यांनी, जानेवारी २०१७ मध्ये, शेवटची हार्डी कादंबरी 'विन, लूज ऑर ड्रॉ' आली. तीत पुन्हा एक बेपत्ता मुलगी आहे, आणि माग काढीत हार्डी नॉरफोक बेटापर्यंत पोहोचतो. हे बेट प्रसिद्ध आहे ते कैद्यांच्या जुन्या वसाहतीसाठी. परंतु १८६७ ते १९२० या काळात मेलानेशियन मिशनचे मुख्य ठाणेही तेथेच होते. सॉलोमन बेटांवरची मुले शिक्षणासाठी तेथे आणली जात, आणि त्या मिशनचे कागद म्हणजे कॉरिस ज्या काळाचा अभ्यास करीत होते त्याच्या प्रमुख साधनांपैकी एक. कादंबरीत याचा हिशेब कोठे मांडलेला नाही. हार्डी तेथे उतरतो, मुलीचा फोटो काढून दाखवितो, आणि हिला कोणी पाहिले आहे का, असे विचारू लागतो.